कॅरिबियन कट्ट्यावरची संकष्टी

दिनेश खैरनारांच्या आयुष्यात अभिमान बाळगावा असं फारसं काही घडलेलं नव्हतं, पण नाकाच्या बाबतीत ते कुणाला ऐकत नसत. पाटबंधारे खात्यात होते तेव्हा साहेबांच्या डब्यात काय आहे ते झाकण उघडायच्या आत सांगायचे. साहेबांना ते आवडत नसे, हा भाग वेगळा. निवृत्त झाल्यावर नाकाला पूर्ण वेळ काम मिळालं. गंगापूर रोडच्या गोदाछाया सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट, फ्लॅटला गॅलरी, गॅलरीत खुर्ची. अकरा वाजले की तिथे बसून ते आत भाजी निवडणाऱ्या मालनबाईंना बातम्या द्यायचे. "वरच्यांकडे आज मेथी आहे. खालच्यांची फोडणी करपली." मालनबाई मान वर न करता म्हणायच्या, "मग जा, कढई घासून या त्यांची."

तर अशा माणसाला एके दिवशी एक वास ओळखता आला नाही.

तो आला तळमजल्यावरच्या गाळ्यातून. ह्या गाळ्यात मोबाइल दुरुस्ती झाली, केक झाले, योगाच्या चटया झाल्या, कुणी म्हणून टिकलं नव्हतं. होळी झाली आणि गाळ्याला कुणीतरी पिवळा-हिरवा रंग दिला, वर एक मोठा पोपट काढला आणि इंग्रजीत पाटी लावली, कॅरिबियन कट्टा. दोन दिवसांनी वास सुरू झाला. मटण होतं, बोकडाचं होतं, एवढं खैरनारांना लगेच कळलं. पण मटणाच्या मागे आणखी काहीतरी होतं. लवंग म्हणावी तर लवंग नव्हे, ओवा म्हणावा तर ओवा नव्हे, आणि ते काय आहे हे ओठावर यायचं आणि पुन्हा आत जायचं. त्या दिवशी त्यांनी मालनबाईंना बातमी दिली नाही. दुपारी झोपही लागली नाही.

आता कॅरिबियन म्हणजे वेस्ट इंडीज, आणि वेस्ट इंडीज म्हणजे क्रिकेट, एवढा भूगोल त्यांच्या पिढीतल्या कुणालाही येतो. लहानपणी वडिलांच्या रेडिओला कान लावून खैरनारांनी त्या लोकांच्या गोलंदाजीचं वर्णन ऐकलं होतं. आपला एकेक फलंदाज परत यायचा, वडील कपाळाला हात लावायचे, आणि छोट्या दिनेशला एकच प्रश्न पडायचा की ही माणसं खातात तरी काय. वडिलांना विचारलं तर त्यांनी एक धपाटा घातला. तो प्रश्न तसाच राहून गेला होता, आणि आता त्याचं उत्तर दोन जिने खाली शिजत होतं.

मग माणसानं सरळ खाली उतरावं, टेबलावर बसावं आणि खावं. तुम्हा-आम्हाला हे सोपं वाटतं. पण खैरनार सोसायटीचे सचिव होते. सचिवानं घरात बायको असताना घराखालच्याच हॉटेलात एकट्यानं मटण खाणं म्हणजे घरात धड मिळत नाही अशी जाहिरात करण्यासारखं होतं. "आपण दोघं जाऊन बघू या का एकदा," त्यांनी मालनबाईंना विचारून पाहिलं. मालनबाई चटकन म्हणाल्या, "काही नको. घरात होत नाही का मटण?" आणि विषय संपला.

सोसायटीचं मत आणखी वेगळं होतं. पहिल्या मजल्यावर झुंबरबाई राहतात. कुठला उपवास कधी, सोडायचा कसा, त्याला काय चालतं आणि काय चालत नाही, हे अख्खी सोसायटी त्यांना विचारते. चुकून एखादा देवच विचारायला आला तर त्यालाही त्या तारीख सांगतील. त्यांनी जिन्यात खैरनारांना अडवलं. "समुद्रातलं काहीतरी असणार बरं का, खैरनारभाऊ. खेकडे, शिंपल्या. तुम्ही सचिव आहात, लक्ष ठेवा."

"पाहणी करावीच लागेल," खैरनार गंभीरपणे म्हणाले. त्यांचं काम झालं होतं. खायला जाता येत नव्हतं, पाहणीला जाता येणार होतं.

दिवस त्यांनी विचार करून निवडला. त्यांच्या घरी, आणि म्हणाल तर निम्म्या नाशकात, मटणाचे वार ठरलेले. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. देवांनी मोठ्या मनानं माणसांसाठी बुधवार, शुक्रवार आणि रविवार सोडलेत. खैरनारांनी बुधवार धरला. मालनबाई सकाळीच सातपूरला बहिणीकडे गेल्या होत्या. ओट्यावर काहीतरी झाकून ठेवलेलं होतं, पण खैरनारांनी झाकण उचललं नाही. एरवी त्यांच्या नाकाला झाकणाची अडचण नसते, पण त्या दिवशी ते आधीच खाली जाऊन बसलं होतं. त्यांनी वार पाहिला, तिथी पाहिली नाही. तेवढंच चुकलं.

हॉटेलात चिटपाखरू नव्हतं. मालक स्वतःच पुढे आला. किशोर नाव, मूळचा कळवणचा, पस्तिशीचा, बरीच वर्षं प्रवासी बोटीवर आचारी होता. बोटीवरच्या जमैकाच्या एका म्हाताऱ्या आचाऱ्यानं त्याला हात धरून शिकवलं होतं. "बसा ना काका. मटण शिजतंय अजून. लय वेळ घेतं ते, घाई केली तर नाय होत. तवर दुसरं देतो."

"तिथे हे मटण बनवतात कसं? म्हणजे मसाला कुठला?" खैरनारांना धीर धरवेना.

"मसाला आपल्याच लोकांनी नेलेला, काका. इंग्रजांच्या काळात बोटी भरभरून माणसं नेली तिकडं, उसाच्या कामाला. त्यांनी हळद-धने नेले, आणि तिथला पाला, तिथली मिरची त्यात पडली. आता ते आपलंच बी नाय आणि त्यांचंच बी नाय."

खैरनार कान देऊन ऐकत होते. पुढ्यात एकेक ताटली येत होती. पिकल्या मोठ्या केळ्याचे तुपात तळलेले काप. भाजलेलं रताळं, वर लिंबू आणि मिरची. खोबऱ्याची वडी. आणि एक पिवळसर चौकोनी केक. ज्या कंदाचा साबुदाणा होतो तोच कंद किसून, नारळाच्या दुधात भिजवून तो भाजला होता, असं किशोर म्हणाला. कंद केरळी दुकानदाराकडून मिळतो. खैरनारांनी सगळं चाखलं. सगळं चांगलं होतं. पण त्यांचं लक्ष आतल्या पातेल्याकडे होतं, कारण झाकण हललं की तो वास यायचा आणि ते नाव पुन्हा ओठावर यायचं.

इतक्यात काचेच्या दारात झुंबरबाई उभ्या राहिल्या. हातात दूर्वांची जुडी होती.

"खैरनारभाऊ," त्या म्हणाल्या, "आज संकष्टी."

खैरनारांच्या हातात काटा होता आणि काट्याला रताळं. ओट्यावर काय झाकलेलं होतं ते त्यांना त्या क्षणी कळलं. साबुदाण्याची खिचडी. त्याच वेळी आतून किशोर वाफाळता वाडगा घेऊन निघाला. खैरनारांनी त्याच्याकडे असं पाहिलं की बोटीवर हजारो गिऱ्हाइकं सांभाळलेला तो माणूस पाऊल न थांबवता वळला आणि वाडग्यासकट परत आत गेला.

"उपवासाचंच खातोय," खैरनार म्हणाले.

हे तोंडातून कसं निघालं ते त्यांनाही कळलं नाही. झुंबरबाई आत आल्या आणि ताटल्यांवर वाकल्या. "हे काय?" केळं. "तळलंय कशात?" तुपात. "हे?" रताळं. "ही वडी?" नारळाची. "आणि हा केक?" साबुदाण्याचा कंद, किशोर आतून म्हणाला. झुंबरबाईंना धक्का बसला. साबुदाणा कारखान्यात होतो अशी त्यांची समजूत होती, तो कंदापासून करतात हे त्यांना जन्मात कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी एक तुकडा मोडला, डोळे मिटून खाल्ला आणि खुर्ची ओढून बसल्या. "म्हणजे हे लोक रोजच उपवासाचं खातात," त्या हळूच म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आदर होता.

खोटं बोलून माणूस पकडला गेला तर एकदाचं सुटतो. खैरनारांचं खोटं खरं निघालं, आणि इथून पुढे त्यांच्या हालांना सुरुवात झाली.

संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर त्यांचा फोटो आला, काट्यासकट. खाली झुंबरबाईंनी लिहिलं होतं की आपल्या सचिवांनी उपवासाच्या खाण्याचा नवा शोध लावला. मालनबाई घरी आल्या, त्यांनी फोटो पाहिला, झाकलेली खिचडी पाहिली आणि मग नवऱ्याकडे पाहिलं. बोलल्या काहीच नाहीत. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसाला ह्या गप्प बसण्याची शंका यायला हवी होती, पण खैरनार स्वतःच्या विचारात होते.

एकादशीला झुंबरबाई वीस-पंचवीस बायका घेऊन कट्ट्यावर उतरल्या. किशोरनं दुकान उघडल्यापासून एवढी माणसं एकदम पाहिली नव्हती. बायकांनी आधी स्वयंपाकघर पाहिलं. ह्या कढईत मासे तळतोस का? तळतो. मग दुसरी कढई आण. ही पळी कशाची? ती पण बदल. मग रताळ्याला लावलेल्या मसाल्यावरून प्रश्न आला. जमैकातली मिरीसारखी गोल फळं त्यात होती, ती उपवासाला चालतात का हे कुठल्याच पोथीत नव्हतं. झुंबरबाईंनी दाणा चुरडला, हुंगला आणि निकाल दिला, "मिरी चालते, लवंग चालते, तर ह्यानं कुणाचं काय घोडं मारलंय?" हिरव्या पाल्याचं प्रकरण मात्र अवघड निघालं. काहींच्या घरी उपवासाला कोथिंबीर चालते, काहींच्या घरी चालत नाही. शेवटी असं ठरलं की ज्यांना कोथिंबीर चालते त्यांना हा पालाही चालेल, आणि त्यांनी वेगळ्या टेबलावर बसावं.

ह्या सगळ्यात एका कोपऱ्यात खैरनार पुढ्यात न मागता आलेलं रताळं खात बसले होते. झुंबरबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यांच्याकडे बोट दाखवत होत्या.

मग काय, सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी, प्रदोष, एक दिवस कट्टा रिकामा राहीना. खैरनार आपले बुधवारची वाट पाहायचे. एका बुधवारी गेले तर दोन म्हाताऱ्या त्यांना पाहून उठून उभ्याच राहिल्या. शुक्रवारी गेले तर तिथे लक्ष्मीच्या व्रताचं उद्यापन चाललं होतं, त्यांना मानानं बसवून केळ्याचे काप वाढले. रविवारी गेले तर बाहेरगावची कुणी मंडळी झुंबरबाईंबरोबर बसलेली. "हेच ते," झुंबरबाई म्हणाल्या. हेच ते झालेल्या माणसाला मटण मागता येत नाही. किशोर बिचारा डोळ्यांनीच विचारायचा, आणू का, आणि खैरनार डोळ्यांनीच नको म्हणायचे. त्यांना रताळ्यांनी पित्त होऊ लागलं होतं.

त्यात सोसायटीची सभा लागली. एकाच छताखाली उपवासाचं आणि मटण, हे काही सभासदांना पटत नव्हतं. ठराव झाला की उपवासाच्या दिवशी दर्शनी भागातून सामिष पदार्थ देऊ नयेत. ठराव लिहायचं काम अर्थातच सचिवाचं. खैरनारांनी आपल्या सुवाच्य अक्षरात आपल्याच ताटाविरुद्ध ठराव लिहिला आणि खाली सही केली. पुढच्या आठवड्यात महापालिकेचा माणूस आला, पाटी मराठीत आणि ठसठशीत हवी म्हणाला. झुंबरबाईंनी संधी सोडली नाही. नव्या पाटीवर मोठ्या अक्षरांत आलं, 'उपवासाचे कॅरिबियन पदार्थ मिळतील'. रंगाऱ्यानं पोपट तसाच ठेवला, फक्त त्याच्या पायाशी एक मोदक काढला.

एक गोष्ट मात्र खैरनारांच्या लक्षात आली होती. गॅलरीत येणारा वास बदलला होता. पहिल्यासारखा छळत नव्हता. ओळखीचा, जवळचा वाटायला लागला होता. आपल्याला सवय झाली असेल, त्यांनी मनाशी म्हटलं. आणि त्याचंही त्यांना थोडं वाईट वाटलं.

आषाढ सरत आला तेव्हा किशोर त्यांना जिन्यात भेटला. मान खाली घालून म्हणाला, "काका, श्रावण लागला की मटण कायमचं बंद करतोय. लोक म्हणतात एका स्वयंपाकघरात दोन्ही नको. धंदा उपवासावरच चाललाय, मी तरी काय करू. रविवारी शेवटचं पातेलं."

खैरनार "बरोबर आहे" म्हणाले, कारण सचिवानं दुसरं काय म्हणायचं. पण घरी येऊन गॅलरीत बसले तेव्हा त्यांना खरोखर रडू यायचं बाकी होतं. रेडिओला कान लावून बसलेल्या त्या पोराला आयुष्यात एक गोष्ट कळायची राहिली होती, आणि ती हाताशी येऊन आता कायमची जाणार होती. आणि ती घालवली कुणी, तर त्यांनी स्वतःच, काट्याला रताळं लावून.

त्यांनी ठरवलं. काय होईल ते होवो.

आषाढाचा शेवटचा रविवार म्हणजे सगळं नाशिक गटारी करतं. घरोघर मटण शिजत होतं, तरी नाक दुसरीकडे वळलं नाही. मालनबाई पुन्हा बहिणीकडे गेल्या होत्या. खैरनार पाण्याच्या पंपाची चावी घेऊन उतरले, म्हणजे कुणी विचारलंच तर पंप बघायला निघालो म्हणता येईल. पंपाच्या खोलीच्या पलीकडे कट्ट्याचं मागचं दार होतं. त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं आणि दार ढकललं.

आत कांद्याच्या गोणीवर मालनबाई बसल्या होत्या. मांडीवर ताट होतं आणि हातात नळी.

"दार लावा आधी," त्या म्हणाल्या.

खैरनारांनी दार लावलं. "तू इथे?"

"का? मला नाक नाही?" मालनबाईंनी नळी शांतपणे खाली ठेवली. "पहिल्याच आठवड्यात येऊन गेले मी. तुम्ही वर बसून वास घेत होतात, मी खाली येऊन खाल्लं."

"मग मी विचारलं तेव्हा नको का म्हणालीस?"

"तुमच्याबरोबर आले असते तर दर घासाला तुमचं भाषण ऐकावं लागलं असतं." हे खरं असल्यामुळे खैरनारांनी नुसती पंपाची चावी खिशात टाकली. "आणि त्या संकष्टीला तुम्ही इथे कशासाठी आला होतात ते मला फोटोतच दिसलं. म्हटलं बघू, केव्हा बोलतात."

किशोरनं त्यांना डबा पालथा घालून बसायला दिला आणि ताट वाढलं. खैरनारांनी हात धुतले. घास घेतला. चावला. थांबले. पुन्हा चावला.

"हे तर आपल्या घरचं आहे," ते म्हणाले.

किशोर ओशाळला. "काका, सुरुवातीला एकदा आलेलं गिऱ्हाईक परत येत नव्हतं. काकू म्हणाल्या, कांदा-खोबरं भाजून घाल, माझा काळा मसाला देते. तवापासून मटणाला बी माणसं यायला लागली."

म्हणजे एवढे दिवस ते स्वतःच्याच स्वयंपाकघराच्या वासामागे लागले होते. उपवास झाले, ठराव झाला, पोपटाच्या पायाशी मोदक आला, आणि ताटात कोण, तर मालनबाईंचा मसाला. खैरनारांनी ताट बाजूला ठेवलं. रागानं नव्हे. त्यांना एकदम थकल्यासारखं झालं. "मग ते पहिलं?" त्यांनी विचारलं. "तिकडचं? ते गेलंच का?"

किशोर वळला. मागच्या शेगडीवर एक लहान पातेलं होतं. "हे माझ्यापुरतं करतो मी," तो म्हणाला. "त्या म्हाताऱ्यानं शिकवलं तसंच. कुणाला आवडत नाय, पण मला केल्याशिवाय राहवत नाय." आणि त्यानं झाकण काढलं.

तोच वास होता. लवंग नव्हे, ओवा नव्हे. नाक चुकलं नव्हतं.

त्याच क्षणी पुढच्या दारावर टकटक झाली. "किशोर," झुंबरबाईंचा आवाज. "उद्याची रताळी आली का?"

आत तिघेही पुतळ्यासारखे थिजले. "आली ना काकू," किशोर म्हणाला.

"मटणाचा वास येतोय."

"शेवटचंच आहे काकू. उद्यापासून बंद."

मग झुंबरबाई आवाज खाली करून म्हणाल्या, "आमच्या ह्यांच्यासाठी एक डबा भर. मी इथेच थांबते, मला वास सहन होत नाही. आणि बंद कशाला करतोस? ठरावात दर्शनी भाग लिहिलंय. मागच्या दाराचं कुठे काय लिहिलंय? श्रावण सरला की तिकडून दे. खैरनारांनी मुद्दामच तसं लिहिलं असणार, मोठा विचारी माणूस आहे."

मालनबाईंनी पदर तोंडाशी धरला. खैरनारांनी मुद्दाम काहीच लिहिलं नव्हतं, पण आता बाहेर जाऊन ते सांगायची ही वेळ नव्हती. किशोर डबा देऊन आला, त्यानं लहान पातेल्यातलं मटण वाटीत काढलं आणि खैरनारांच्या पुढ्यात ठेवलं. मालनबाई नळी चोखायच्या थांबल्या. किशोर हात पुसत उभा राहिला.

खैरनारांनी घास घेतला. डोळे मिटले. भाषण न करता त्यांनी सरळ दुसरा घास घेतला, आणि हे त्यांच्या बाबतीत कधी झालं नव्हतं.

"कसं आहे?" मालनबाईंनी विचारलं. "ओळखलंत का, काय आहे त्यात?"

"नाही," खैरनार म्हणाले, आणि त्यांचा चेहरा इतका आनंदी होता की मालनबाईंना नवल वाटलं. त्यांनी वाटी किशोरपुढे धरली. "अजून नीट कळलं नाही. थोडं आणखी वाढ."